अत्यवस्थ पेशंट पाहिजे

अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांत एक जमात आढळते. वय पंचविशीच्या आसपास, अंगात निळे स्क्रब्ज, हातात बर्फ घातलेल्या कॉफीचा भलाथोरला पेला, आणि पेशंट बरा होऊन जनरल वॉर्डकडे निघाला की चेहऱ्यावर संमिश्र भाव. आनंद असतोच. पण त्या आनंदामागून एक बारीकशी हळहळ डोकावत असते. ही मंडळी दुष्ट नसतात. त्यांना फक्त नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायचं असतं.

माझी भाची याच जमातीतली. न्यू जर्सीत जन्मली, वाढली, आणि आता रात्रपाळी करून सकाळी घरी येते. "ड्यूटी कशी झाली?" विचारलं की कधी पडेल आवाजात सांगते, "काही नाही रे मामा, दोघंही स्टेबल होते." आणि एखाद्या सकाळी दारातूनच ओरडते, "मामा, काय पेशंट मिळाला काल! सहा ड्रिप्स, व्हेंटिलेटर, चोवीस तासांचं डायलिसिस, सगळं एकाच खोलीत!" आमची आई पुण्याहून आलेली असते. ती ताबडतोब हात जोडून "देवा, वाचव रे बाबा त्याला" म्हणते. नात तोवर दुसऱ्यांदा पोहे वाढून घेत असते.

आता महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं समजावून सांगायला हवं. आपल्याकडे ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला भूलतज्ज्ञ डॉक्टर असतो. बिल येईपर्यंत तो कोणाला आठवत नाही, हा भाग वेगळा. अमेरिकेत असे डॉक्टर आहेतच, पण त्यांच्याइतकीच जुनी, किंबहुना थोडी अधिकच जुनी, अशी नर्सांची परंपराही आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलात सिस्टर मेरी बर्नार्ड १८७७ पासून भूल देत होत्या. मिनेसोटात मेयो बंधूंकडे ॲलिस मगॉ नावाची नर्स इथर द्यायची. १९०६ साली तिने स्वतःच्या कामाचा जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यात १४,००० हून अधिक वेळा भूल दिल्याची नोंद आहे आणि भुलेपायी एकही मृत्यू नाही. मास्कवर थेंब थेंब इथर टाकता टाकता ती पेशंटशी सारखी बोलत राहायची म्हणे. घाबरलेला माणूस बोलण्यानेच अर्धा झोपतो, हे तिला ठाऊक होतं. (बोलून झोपवण्याची ही कला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना अवगत आहे, पण त्यांना कोणी त्याचे पैसे देत नाही.)

डॉक्टरांना हे रुचलं नाही, हे ओघाने आलंच. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डॅगमार नेल्सन या नर्सने भूल देणं म्हणजे विनापरवाना डॉक्टरकी करणं, असा दावा होता. १९३६ साली निकाल नर्सच्या बाजूने लागला. भांडण मात्र अजून जिवंत आहे. कोणी कोणाच्या देखरेखीखाली काम करायचं, यावर दोन्ही बाजूंच्या संघटना आजही हिरिरीने पत्रकं काढतात. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी छोट्या हॉस्पिटलांत मात्र भूल द्यायला नर्स ॲनेस्थेटिस्टच असते. त्यामुळे तिथे वादाला दुसरी बाजूच हजर नसते.

भाचीने नर्सिंग घेतलं तेव्हा आमच्या वर्तुळात सुतकी शांतता पसरली होती. "नर्सिंग का? मार्क कमी पडले का?" असं लोक माझ्या बहिणीला हळू आवाजात विचारत. बहीणही तितक्याच हळू आवाजात "नाही हो, तिची आवड" म्हणत असे. या वर्तुळात 'तिची आवड' म्हणजे पालकांनी शस्त्र खाली ठेवलं, असा अर्थ घेतला जातो. मग गणेशोत्सवात कोणीतरी आरतीच्या रांगेत उभं राहून फोनवर शोधलं आणि नर्स ॲनेस्थेटिस्टचा वर्षाचा पगार सरासरी दोन लाख डॉलरांच्या वर जातो, हे उघडकीला आलं. प्रसादाचं ताट माझ्या बहिणीपर्यंत पोचायच्या आत तिच्याभोवती तीन काकू जमल्या होत्या. "आमच्या धाकटीलाही सेवेची फार ओढ आहे हो," त्यातल्या एक म्हणाल्या. त्यांची धाकटी तोवर एका अकाउंटिंग कंपनीत सुखाने नांदत होती.

पण हा पगार लांब आहे आणि रस्ता आयसीयूतून जातो. आधी चार वर्षांची नर्सिंगची पदवी, मग परवान्याची परीक्षा, मग अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष पूर्णवेळ काम. हे एक वर्ष नियमाचं. प्रत्यक्षात बरेचजण दोन-तीन वर्षं घासतात, कारण जागा थोड्या आणि अर्ज उदंड. त्या काळात क्रिटिकल केअर नर्सिंगची 'सीसीआरएन' नावाची दीडशे प्रश्नांची परीक्षा द्यायची. मग मुलाखती, आणि निवड झालीच तर तीन वर्षांचं शिक्षण. त्या तीन वर्षांत नोकरी करणं जवळजवळ अशक्य, फी मात्र घसघशीत. पदवीआधी किमान ६०० केसेस आणि २,००० तासांचं प्रत्यक्ष काम पुरं करायचं. थोडक्यात, दुसऱ्याला शांत झोपवता यावं म्हणून स्वतः किमान आठ वर्षं जागायचं.

आयसीयूच का? ओपीडी का नाही, शाळेतली नर्स का नाही? भाचीने एकदा हे मला समजावलं तेव्हा मी गप्प झालो. ती म्हणाली, "मामा, आजार माणसाचं जे करायला दोन दिवस घेतो ना, ते आम्ही औषधाने एका मिनिटात करतो." प्रोपोफॉल शिरेत गेलं की माणसाची शुद्ध हरपते, श्वास मंदावतो किंवा थांबतो, रक्तदाब खाली येतो. म्हणजे चांगल्या धडधाकट माणसाला आपण हौसेने अत्यवस्थ करतो आणि तासा-दोन तासांनी पुन्हा परत आणतो. ही उतरंड आणि ही चढण ज्याने आधी खाटेशेजारी उभं राहून पाहिलेली नाही, त्याच्या हाती ती पांढरी सिरिंज कोण देईल? (प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं दिसतं, कारण ते सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोळलेलं असतं. ते ज्याला दिवसेंदिवस चालू असतं, त्याच्या उष्मांकांत आहारतज्ज्ञ हे तेलही धरतात. बेशुद्धीतही वजनाचा हिशेब सुटत नाही. अमेरिका!)

तर आयसीयू हवं, हे ठरलं. कोणतं आयसीयू, इथून खरं महाभारत सुरू होतं.

मोठ्या हॉस्पिटलात आयसीयू एक नसतं, डझनभर असतात, आणि त्यांच्यात मानपान असतो. सगळ्यात वरच्या पाटावर हृदयशस्त्रक्रियेचं आयसीयू. तिथे नुकतंच छाती उघडून शिवलेलं माणूस थेट थिएटरातून येतं. त्याला तिथे 'फ्रेश हार्ट' म्हणतात. भाजीवाल्याकडे शोभावा असा शब्द आहे, पण तो उच्चारताना आमच्या भाचीचे डोळे भरून येतात. मानेतल्या शिरेतून हृदयात सोडलेली स्वॅन-गँझ नळी, हृदयाच्या ठोक्याबरोबर महाधमनीत हेलियमने फुगणारा आणि मिटणारा फुगा, रक्त बाहेर काढून प्राणवायू भरून परत पाठवणारं एक्मो. अर्जात लिहायला याहून भारदस्त शब्द नर्सिंगच्या शब्दकोशात नाहीत.

त्याखालोखाल ट्रॉमा आणि सर्जिकल. इथे रक्ताच्या पिशव्या मोजून नव्हे, खोक्यांनी येतात. मग मेडिकल आयसीयू. हे बिचारं सगळ्यांत उपेक्षित, कारण इथे दिखाऊ यंत्रं कमी आणि खरा आजार जास्त. सेप्सिस, न्यूमोनिया, बंद पडलेली मूत्रपिंडं आणि थकलेलं यकृत. यकृताच्या पेशंटला लॅक्ट्युलोज नावाचं गोड औषध देतात. ते जुलाबावाटे अमोनिया बाहेर काढतं. ते किती प्रभावी आहे, याची साक्ष रात्री तीन वाजता चौथ्यांदा चादर बदलणारी नर्स देते. मुलाखतीत मात्र ती याला 'मल्टिसिस्टम फेल्युअरचा सखोल अनुभव' म्हणते.

न्यूरो आयसीयूचा थाट निराळा. तिथे पेशंटला दर तासाला उठवून नाव, साल, ठिकाण आणि राष्ट्राध्यक्ष विचारतात. माणूस झोपला की प्रकृती खालावली की नुसताच वैतागला, हे ओळखणं ही तिथली विद्या. भाचीची मैत्रीण तिथे आहे. ती सांगते की राष्ट्राध्यक्षाचं नाव शिवीसकट आलं तरी उत्तर बरोबर धरतात. उलट नुसत्या नावापेक्षा शिवी आली तर मेंदू जास्त शाबूत आहे, असा तिचा अनुभव. नवजात बालकांच्या आयसीयूत औषधाची मात्रा इतकी इवलीशी की दशांश चिन्ह एक घर सरकलं तर अनर्थ. पण हा अनुभव धरायचा की नाही, यावर भूल शिकवणाऱ्या विद्यालयांचं एकमत नाही. इमर्जन्सी विभागाचंही तेच. तिथल्या नर्सांनी काय काय पाहिलेलं असतं, तरी काही ठिकाणी त्यांना "हे क्रिटिकल केअरमध्ये बसत नाही" असं सुनावतात.

भाचीने या सगळ्याचा एक एक्सेल तक्ता केला. रकाने किती! खाटा, पेशंटमागे नर्स, एक्मो आहे की नाही, रात्री निवासी डॉक्टर असतात की फोनवर बोलावे लागतात. शेवटच्या रकान्यावर तिच्या मैत्रिणींत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, नामांकित टीचिंग हॉस्पिटलातच जावं, तिथे सगळ्यांत गंभीर पेशंट येतात. दुसऱ्याचं म्हणणं, तिथे रेसिडेंट डॉक्टरांची इतकी गर्दी असते की नर्सच्या हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा मध्यम हॉस्पिटल बरं, जिथे मध्यरात्री रक्तदाब कोसळला की आधी नर्सच हलते आणि मग डॉक्टर फोन उचलतो. माझ्या बहिणीने सगळा तक्ता चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "पार्किंग कुठे जवळ आहे?" बारा तासांची ड्यूटी करून सकाळी साडेसात वाजता बर्फात गाडी शोधलेली कोणतीही नर्स सांगेल, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही.

यात एक नाजूक भानगड आहे. आयसीयूत नोकरीसाठी मुलाखत होते, तेव्हा मॅनेजरबाई हमखास विचारते, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" खरं उत्तर, "पेशंटच्या डोक्याशी, थिएटरात, तुमच्या विभागापासून शक्य तितकी दूर." दिलं जाणारं उत्तर, "इथेच, खाटेशेजारी, नव्या नर्सांना शिकवताना." मॅनेजरबाईला खरं उत्तर ठाऊक असतं. नवी नर्स तयार करायला महिनोन्महिने लागतात, अनुभवी नर्स तिच्या सावलीसारखी मागे उभी करावी लागते, आणि ती जरा हाताशी आली की अर्ज टाकते. पण खरी गंमत पुढे आहे. विद्यालयाला शिफारसपत्र लागतं आणि ते बहुधा याच मॅनेजरचं लागतं. म्हणजे जिला "मी कुठे जात नाही" असं सांगितलं, तिच्याच दारात "मी निघाले, चार चांगले शब्द लिहा" म्हणून उभं राहायचं. आणि त्या बाया लिहितात! भाचीच्या मॅनेजरने तर म्हणे सही करता करता विचारलं, "इतका उशीर का केलास?"

हे सगळं मी करमणूक म्हणून ऐकत होतो. मग माझ्या एका मित्राची बायपास झाली आणि मला हृदयाच्या आयसीयूत बसायची वेळ आली. आमचा मित्र 'फ्रेश हार्ट' झाला होता. गरम हवा भरलेल्या पांघरुणाखाली तो पडून होता. छातीतून निघालेल्या नळ्या खाटेच्या कडेला लावलेल्या डब्यात उतरत होत्या. खोकताना छातीशी धरायची हृदयाच्या आकाराची लाल उशी बाजूला होती. नर्स तरुण होती, भाचीच्याच वयाची, आणि तिची नजर अधूनमधून काचेपलीकडे शेजारच्या खोलीत जात होती. तिथे तो हेलियमचा फुगा चालू होता. वहिनी माझ्या कानाशी लागल्या, "हिचं लक्ष तिकडे का सारखं?" मला कारण पाठ होतं, पण ते नवऱ्याच्या खाटेशी बसलेल्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

तासातासाला ती डब्यातल्या रक्ताच्या पातळीपाशी पेनने रेघ मारून वेळ लिहायची. एकदा ती वाकली आणि तशीच थांबली. रेघेच्या वर काही चढलंच नव्हतं. वहिनींचा चेहरा खुलला. "थांबलं वाटतं रक्त! बरं झालं बाई." नर्सचा चेहरा मात्र खुलला नाही. आधी तिने मॉनिटरकडे पाहिलं, मग नळीवर बोटं ठेवत ठेवत डब्यापासून वर वर गेली. पांघरूण उचललं. मित्राने कूस बदलायची धडपड केली असावी, त्याच्या मांडीखाली नळी दुमडली होती. तिने ती सोडवली. गडद लाल रक्त गुळगुळ करत डब्यात उतरलं. तरीही तिने फोन करून डॉक्टरला कळवलं आणि पुढचा बराच वेळ आमच्याच खोलीत उभी राहिली. शेजारच्या फुग्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

वहिनींना हे उलटं वाटलं, तसं मलाही वाटलं असतं. नंतर भाचीने उलगडा केला. ऑपरेशननंतर ते रक्त हळूहळू कमी व्हावं, एकदम थांबू नये. एकदम थांबलं तर ते वाहायचं बंद झालंय की आतच साठून हृदयाला आवळतंय, हे आधी पाहायचं. आणि मग म्हणाली, "हा मुलाखतीतला प्रश्न आहे, मामा."

त्या दिवसापासून मी या जमातीची चेष्टा जपून करतो. मुलाखतीत विद्यालयवाले यंत्रांची यादी फार वेळ ऐकत नाहीत म्हणे. ते विचारतात की रक्तदाब पडला तेव्हा हेच औषध का वाढवलंस, दुसरं का नाही? ते कोणत्या रिसेप्टरला लागतं? हृदय कमी पडत होतं की रक्तवाहिन्या सैल पडल्या होत्या? आणि हा 'का' उद्या कोणीतरी विचारणार आहे, हे डोक्यात पक्कं बसलेली नर्स आजच प्रत्येक खाटेशी 'का' विचारत फिरते. डॉक्टरला विचारते, फार्मासिस्टला विचारते, खिशातल्या वहीत लिहून ठेवते. तिला जायची घाई आहे म्हणूनच ती खाटेशी इतकी डोळ्यांत तेल घालून उभी आहे. पेशंटला तिच्या अर्जाशी काय देणंघेणं? त्याची नळी सरळ झाली म्हणजे झालं. स्वार्थातून परमार्थ साधल्याची उदाहरणं आपण कीर्तनात ऐकतो, इथे ती बारा तासांच्या शिफ्टमध्ये दिसतात.

भाचीच्या विभागात तीस-एक वर्षं रात्रपाळी काढलेली एक फिलिपिनो नर्स आहे. सगळ्या तरुण मुली तिला आपापले तक्ते दाखवतात. तिचा सल्ला ठरलेला. जिथे प्रश्न विचारला तर कोणी डोळे वटारत नाही, त्या आयसीयूत जा. यंत्रं सगळीकडे येतात. भाचीने तक्त्यात तो रकाना वाढवला, पण आकडा कुठून आणणार? शेवटी त्या विभागात एक रात्र काढून यावं लागलं. मग तिने निवडलं ते मेडिकल आयसीयू. लॅक्ट्युलोजवालं. फुगाही नाही, एक्मोही नाही. पार्किंग मात्र अगदी समोर. बहीण यात आपला विजय मानते.

आता विद्यालयात तिची निवड झाली आहे. २०२२ पासून या शिक्षणाला प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांना डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमात बसावं लागतं. त्यामुळे तीन वर्षांनी तिच्या नावाला अधिकृतपणे ती उपाधी लागेल. ज्या काकूंनी "डॉक्टर का नाही झाली?" विचारलं होतं, त्यांना बहिणीने हे आधी कळवलं. भाचीने बजावलं, "आई, मी फिजिशियन नसेन, हॉस्पिटलात मला तसं म्हणवता येणार नाही." बहीण म्हणाली, "हॉस्पिटलात नको म्हणू. मंडळात म्हणायला काय हरकत आहे?"

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं, म्हणून मी भाचीला विचारलं. सहा ड्रिप्सवाला पेशंट मिळावा म्हणून इतकी वर्षं आसुसलेली ही पोरगी पुढे काय करणार? तर सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन, दुपारी पित्ताशयाचं, आणि दोन्ही वेळा मॉनिटरवरच्या रेघा सरळ, समांतर आणि कंटाळवाण्या राहाव्यात म्हणून धडपडणार. जितकं काही घडणार नाही, तितकी ती कामात चोख. पेशंटला तर ती आठवणारही नाही. तिचं काम उत्तम झालं, याचा पुरावाच तो. "मग एवढी वादळं कशाला शोधत होतीस?" मी म्हणालो.

"काही होत नाहीये आणि काही होणार आहे, यात दोन मिनिटांचा फरक असतो, मामा," ती म्हणाली. "तो ओळखायचा पगार मिळतो."

वर्षाला दोन लाख डॉलर, काही न घडण्याचे. आमच्या कंपनीत मी हेच काम वीस वर्षं यापेक्षा पुष्कळ स्वस्तात करतो आहे.